आधी बघा, मग मोजा, स्टेथोस्कोप शेवटी: नर्स छाती कशी तपासते

हेडफोन लावले असतील तर आज एक कान मोकळा ठेवा, कारण मधूनमधून तुम्हाला काही गोष्टी करून बघायला सांगणार आहे. बसमध्ये असाल तर शेजारचा माणूस जरा विचित्र नजरेनं बघेल, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगवाल्या पोरापोरींचा लाडका, म्हणजे नावडता. छाती आणि फुप्फुसांची तपासणी. प्रॅक्टिकलला हमखास येते आणि तिथे सगळ्यांची तंतरते. पण नर्सिंगशी काही संबंध नसलेल्यांनीही पळू नका. घरात दम्याचं माणूस असेल, ऐंशीची आजी असेल, बहिणीचं तान्हं बाळ असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं आहे. आणि त्यासाठी लागणारं मशीन तुमच्या खिशातच आहे: मोबाईलमधलं स्टॉपवॉच.

छातीची तपासणी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? स्टेथोस्कोप. फर्स्ट इयरला तो हातात आला की त्याच दिवशी गळ्यात घालून फोटो स्टेटसला जातो. जाऊ दे, हौस असते. पण मेडिकल वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की छातीच्या तपासणीतलं सगळ्यात मोलाचं काम स्टेथोस्कोप गळ्यात लटकत असतानाच होऊन जातं. कानात घालायच्या आधी.

पुस्तकात क्रम दिलेला असतो: इन्स्पेक्शन, पाल्पेशन, परकशन, ऑस्कल्टेशन. बघणं, हात लावणं, ठोकणं, ऐकणं. व्हायवाला आपण हा क्रम पोपटासारखा म्हणतो आणि वॉर्डात गेलो की थेट चौथ्या नंबरवर उडी मारतो.

तर बघण्यापासून सुरुवात करू. हे बघणं वॉर्डाच्या दारातूनच सुरू होतं. पेशंट कसा बसलाय? दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा पलंगाच्या कडेवर टेकून, पुढे वाकून, खांदे वर उचलून बसलेला माणूस तुम्हाला काही न बोलता सांगत असतो की आडवं पडलं की त्याचा जीव घाबरतो. त्याला "काका, जरा झोपा, तपासायचंय" असं म्हणू नका. तो ज्या स्थितीत श्वास घेऊ शकतोय त्याच स्थितीत तपासा.

मग बोलायला लावा. "काका, जेवलात का? काय होतं आज?" एका श्वासात पूर्ण वाक्य येतंय का? "भात... आणि... वरण" असं तुटत येत असेल तर तपासणी जवळजवळ तिथेच झाली. मानेच्या बाजूचे स्नायू दर श्वासाला दोरीसारखे ताठ होतायत का, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, ओठांचा चंबू करून हवा सोडतोय का, हे सगळं गप्पा मारता मारता दिसतं. निळेपणा बघायचा तर आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर नखं आणि गाल फसवतात. जीभ बाहेर काढायला सांगा, ओठाची आतली बाजू बघा.

छातीचा आकारही बघा. मोठ्या माणसाची छाती पुढून-मागे जेवढी असते त्याच्या साधारण दुप्पट आडवी असते. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या माणसाची छाती पिंपासारखी गोल झालेली दिसते, कारण आत अडकलेली हवा पूर्ण बाहेर पडतच नाही. तान्ह्या बाळाची छाती मात्र मुळातच गोल असते, ते बघून घाबरू नका.

आता पहिला प्रयोग. फोन खाली ठेवा. दोन्ही हातांच्या अनामिका घ्या आणि नखाला नख लावून पाठीला पाठ भिडवा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी छोटीशी फट दिसतेय? त्यातून पलीकडचा उजेड दिसायला हवा. दिसला ना? छान. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या काही जुन्या आजारांत बोटांची टोकं फुगतात, आणि ही फट बुजते. दक्षिण आफ्रिकेतले हृदयतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी हे १९७६ मध्ये स्वतःच्याच बोटांवरून लिहिलं, आजारीही तेच होते. त्यामुळे या फटीला त्यांचंच नाव मिळालं.

आता येतो तो भाग, ज्याच्यासाठी मी हा अख्खा एपिसोड करतेय. श्वास मोजणं.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी. श्वासाचा रकाना? २०, २०, २०, २०. बेड एकपासून बेड तीसपर्यंत सगळे जण एका तालात श्वास घेतायत, जणू वारीतले टाळकरी. कधी कुणी विविधता म्हणून १८ लिहितं. नर्सिंग करणारे आत्ता हसतायत, मला माहितीये. खरं म्हणजे हसण्यासारखं नाही, कारण शरीर बिघडायला लागलं की बहुतेक वेळा आधी हाच आकडा हलतो, आणि नेमका तोच आपण न मोजता लिहितो.

तो आधी का हलतो? फुप्फुसाचा एक भाग कामातून गेला, रक्तात आम्ल वाढलं, जंतुसंसर्ग अंगात पसरला, तर शरीर काय करणार? भात्याचा वेग वाढवणार. त्या जादा मेहनतीच्या जोरावर रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ ठीक राहतो. म्हणून बोटावरचं यंत्र ९६ दाखवत असतं आणि आपण निवांत असतो. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला, चांगलंच झालं, पण "सॅच्युरेशन बरंय ना, मग झालं" ही सवयही त्याच्याबरोबर आली. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १०० मिलिमीटर असतो. तो घसरत ६० वर आला तरी यंत्र ९० च्या आसपास आकडा दाखवतं. त्याच्या खाली मात्र आकडा धडाधड कोसळतो. सह्याद्रीच्या पठारावर धुक्यात चालण्यासारखं आहे हे: बराच वेळ सगळं सपाट, आणि मग एकदम कडा. त्यात नेलपॉलिश, गार पडलेली बोटं, हलणारा हात, यानं आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या कातडीवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही आता चांगलं माहीत झालंय.

ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची एक गुणपद्धती आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. पेशंट जितका बिघडलेला तितके गुण जास्त. त्यात मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतील तर शून्य गुण, २१ ते २४ ला २ गुण, आणि २५ किंवा त्यापुढे थेट ३. आठ किंवा त्याहून कमी असतील तरी ३. एकाच गोष्टीला ३ गुण मिळाले की डॉक्टरांनी तातडीनं येऊन बघायचं. आता हिशोब करा: सॅच्युरेशन ९६ म्हणजे शून्य गुण, सगळं आलबेल. पण त्याच माणसाचे श्वास २६ असतील तर धोक्याची घंटा. आणि चार्टवर २० लिहिलं असेल तर ती घंटा वाजणारच नाही.

मोजायचं कसं? एक मिनिट, पूर्ण. "पंधरा सेकंद मोजून गुणिले चार" हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. पंधरा सेकंदांत पाच मोजले तर २०, सहा मोजले तर २४. मधलं काही निघूच शकत नाही. एक श्वास इकडचा तिकडे झाला की चारचा फरक. ज्याचा श्वास अनियमित आहे, थोडा वेळ जोरात आणि मग थांबून, त्याच्या बाबतीत तर पंधरा सेकंद म्हणजे जुगार.

दुसरी गोष्ट, पेशंटला सांगायचं नाही. "आता तुमचे श्वास मोजते हं" म्हटलं की माणूस लगेच योगासनं करायला लागतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवा, तोच हात त्यांच्या छातीवर किंवा पोटावर अलगद टेकवा आणि मोजा. हे तुम्ही आज रात्री घरी करून बघा. झोपलेल्या भावावर. स्वतःचे मोजू नका, मोजायला लागलात की ते बदलतात.

मागे मी एका रुग्णालयात होते, नाव नको. मेडिकल वॉर्ड, रात्रपाळी. न्यूमोनियासाठी ॲडमिट झालेले पन्नाशीचे एक काका, तिसरा दिवस. ताप उतरला होता, पण त्या संध्याकाळी परत चढला. दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९६. चार्टवर सकाळी २०, दुपारी २०, संध्याकाळी २०. माझ्याबरोबर थर्ड इयरची एक मुलगी होती, शांत, जरा भित्री. तिला मी म्हटलं, जा, सगळ्यांचे व्हायटल्स घे. ती परत आली आणि दारातच घुटमळली. "सिस्टर, माझं काहीतरी चुकतंय. अकरा नंबरच्या काकांचे बत्तीस येतायत. दोनदा मोजले."

तिला वाटत होतं तिचं चुकलंय, कारण चार्टवर तीन वेळा २० होतं! मी जाऊन मोजले. बत्तीसच.

आम्ही दोघींनी त्यांना नीट तपासलं. म्हणून पुढचे टप्पे मी या काकांच्या निमित्तानंच सांगते. पण त्याआधी लहान मुलांबद्दल दोन मिनिटं, कारण तिथे हा एक आकडा अक्षरशः जीव वाचवतो.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त: खोकला-सर्दी झालेल्या मुलात हे आकडे ओलांडले की श्वास जलद समजायचा आणि न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे आपल्या आशाताईंनाही शिकवलेले असतात. बाळ रडत असताना, दूध पीत असताना मोजायचं नाही. आईच्या मांडीवर शांत असताना झबलं वर करून पोटाकडे बघायचं. तान्ह्या बाळाचा आकडा ६० च्या वर आला तर पुन्हा एकदा मोजायचं, कारण त्यांचा श्वास मुळातच थांबत-पळत चालतो. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, घरच्या भाषेत 'पोट उडतंय' म्हणतात ते, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८०च्या दशकाच्या शेवटी गावातल्या माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. अडचण अशी की अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. बस. मग त्या बाळाला अँटिबायोटिक. जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले, आणि १९९० मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ना एक्स-रे, ना स्टेथोस्कोप. आपल्याकडे तर स्टॉपवॉच आहे, शिवाय शंभरपर्यंत मोजताही येतं.

आता परत अकरा नंबरच्या काकांकडे. हात लावायचा टप्पा. त्यांच्या पाठीमागे बसून दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवले, अंगठे मणक्याजवळ आणले, मध्ये कातडीची थोडी घडी. "काका, मोठा श्वास घ्या." निरोगी छातीत दोन्ही अंगठे सारखेच लांब जातात. काकांचा उजवा सरकला, डावा जवळजवळ जागेवर. मग "एक-एक-एक म्हणा". इंग्रजी पुस्तकात 'नाइन्टी नाइन' लिहिलेलं असतं, आपल्याकडे कुणी म्हणत नाही. आवाजाची थरथर तळहाताच्या कडेला जाणवते. फुप्फुस न्यूमोनियानं घट्ट झालं असेल तर ती वाढते, कारण आवाज घट्ट गोष्टीतून चांगला जातो. पण फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये पाणी किंवा हवा साठली असेल तर थरथर मध्येच मरते. काकांच्या डाव्या खालच्या बाजूला काहीच लागत नव्हतं. त्यांना न्यूमोनिया होता हे माहीत होतं, म्हणजे थरथर वाढायला हवी होती. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

ठोकणं. दुसरा प्रयोग, सगळे करा. डाव्या हाताचं मधलं बोट मांडीवर सपाट ठेवा आणि उजव्या मधल्या बोटाच्या टोकानं त्याच्या शेवटच्या पेरावर टकटक करा. मनगटातून, दारावर हलकेच टिचकी मारतो तसं. भद्द आवाज. आता उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली करा. पोकळ, घुमणारा. तसंच सरकत खाली या, उजव्या बरगड्यांच्या शेवटाकडे आवाज पुन्हा बसेल, ते यकृत. गाल फुगवून त्यावर टिचकी मारा, तो ढोलकीचा आवाज.

कलिंगड घेताना आपण हेच करतो, माठ घेताना हेच करतो. ही युक्ती वैद्यकात आणणारे लिओपोल्ड आउएनब्रुगर ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावचे, वडिलांची खानावळ होती. तळघरात दारूची पिंपं ठोकून आत किती शिल्लक आहे ते ओळखायचे, ती गोष्ट सगळीकडे सांगतात. १७६१ मध्ये त्यांनी छाती ठोकून तपासण्यावर पुस्तक लिहिलं, फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी त्याचं फ्रेंच भाषांतर केल्यावर जगाला ते कळलं. काकांच्या डाव्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, मांडीसारखा भद्द आवाज. पाणी असेल तर असाच येतो, दगडावर टिचकी मारल्यासारखा.

खरं सांगायचं तर वॉर्डात रोज सगळ्यांची छाती ठोकत कोण बसतं? कुणीच नाही. रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असतात. मी त्याला फार दोषही देत नाही. पण शंका आली तर हात तयार हवा, आणि तो फक्त सरावानं तयार होतो. नखं मात्र कापलेली ठेवा, नाहीतर स्वतःलाच लागतं.

आणि आता, शेवटी, स्टेथोस्कोप. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक यांच्यासमोर हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी होती. तेव्हा छातीला थेट कान लावून ऐकत. त्यांना संकोच वाटला, त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली आणि तिचं एक टोक छातीवर, दुसरं कानाला लावलं. नुसत्या कानापेक्षा आवाज स्पष्ट! पुढे लाकडी नळी आली, १८१९ मध्ये पुस्तक आलं. १८२६ मध्ये लेनेक क्षयरोगानं गेले, ज्या छातीच्या आजारांचे आवाज ते ऐकत होते त्यांतल्याच एकानं. आणि गंमत बघा, 'स्टेथोस्कोप' या ग्रीक शब्दांचा अर्थ छाती ऐकणं असा नाहीच. छाती बघणं असा आहे.

संकोचाचा मुद्दा आजही तसाच आहे. पडदा ओढा. "मावशी, पाठीवर नळी लावून ऐकते, पदर थोडा बाजूला घेऊ का?" असं विचारा. गार चकती आधी तळहातावर चोळून घ्या. पण ब्लाउजवरून, स्वेटरवरून ऐकू नका, कापडाच्या घासण्याचा आवाज आतल्या आवाजासारखाच वाटतो. केसाळ छातीवरही तसंच होतं, तिथे चकती जरा दाबून धरा. पंखा, टीव्ही, ऑक्सिजनच्या बाटलीतली बुडबुड, यातलं जे थोडा वेळ थांबवता येईल ते थांबवा. ऑक्सिजन नाही हं!

पेशंटला तोंड उघडून जरा खोल श्वास घ्यायला सांगा. एकदा डावीकडे, लगेच त्याच उंचीवर उजवीकडे, मग खाली, अशी शिडी उतरा. प्रत्येक ठिकाणी श्वास आत आणि बाहेर, दोन्ही पूर्ण ऐका. समोरून जास्त करून वरचे लोब ऐकू येतात, मागून खालचे. उजव्या बाजूचा मधला लोब समोरून आणि काखेजवळच सापडतो, पाठीवर नाही. त्यामुळे फक्त समोर दोन ठिकाणी चकती टेकवून "चेस्ट क्लिअर" लिहिणाऱ्यांनी फुप्फुसाचा मोठा भाग ऐकलेलाच नसतो. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं तर पाणी, कफ सगळं खाली पाठीकडे साठतं. कुणाला तरी मदतीला घ्या, कुशीवर वळवा, पण पाठ ऐकाच.

आवाज शब्दांत सांगणं अवघड, तरी प्रयत्न करते. कानाजवळचे थोडे केस बोटांत धरून चोळा. तो बारीक चुरचुर आवाज म्हणजे क्रॅकल्स. दोन्ही बाजूंना तळाशी असतील तर हृदय कमजोर पडून पाणी साठलंय का बघा, एकाच बाजूला आणि ताप असेल तर न्यूमोनिया. सुं-सुं शिट्टी, विशेषतः श्वास सोडताना, ती व्हीझ: दमा. घोरल्यासारखी घरघर, जी खोकल्यावर बदलते किंवा जाते, तो मोठ्या नळ्यांतला कफ. नवी कोल्हापुरी चप्पल करकरते ना, तसा आवाज दर श्वासाला आणि सोबत टोचल्यासारखं दुखणं, ते फुप्फुसाचं आवरण घासतंय. आणि श्वास आत घेताना गळ्यातून येणारा कर्कश आवाज, जो नळीशिवायच ऐकू येतो, तो स्ट्रायडर. वरची वाट बुजत चाललीय, तिथे तपासत बसायचं नाही, धावायचं.

सगळ्यात वाईट आवाज कोणता, असं व्हायवाला विचारतात. उत्तर आहे: शांतता. दम्याच्या अटॅकमध्ये मघापर्यंत वाजणारी छाती अचानक गप्प झाली आणि पेशंट पेंगायला लागला, तर शिट्टी वाजण्याइतकीही हवा आता हलत नाहीये.

काकांच्या डाव्या तळाशी तीच शांतता होती, पण वेगळ्या कारणानं. उजवीकडे स्वच्छ आवाज, डावीकडे अर्ध्या पाठीपासून खाली काहीच नाही.

रात्री दोनला डॉक्टरांना फोन करायचा म्हणजे नव्या पोरींच्या पोटात गोळा येतो. "सर, पेशंटला धाप लागतेय" असं सांगितलं तर समोरून "प्रॉप अप करा, नेब्युलायझेशन द्या, सकाळी बघतो" येण्याची शक्यता भरपूर. मी त्या मुलीलाच फोन करायला लावला, आधी कागदावर लिहून. "सर, बेड अकरा, न्यूमोनिया, तिसरा दिवस. श्वास ३२, चार्टवर दिवसभर २० आहे. ताप परत १०१. दोन लिटरवर सॅच्युरेशन ९६. डावी बाजू कमी हलतेय, खालून भद्द वाजतेय, एअर एन्ट्री नाही. तुम्ही येऊन बघायला हवं." यात निदान कुठेच नाही. फक्त जे दिसलं, मोजलं, हाताला लागलं ते. सर दहा मिनिटांत आले. एक्स-रेमध्ये डावीकडे पाणी, सुईनं काढलं तर गढूळ, पू होण्याच्या वाटेवरचं. छातीत नळी टाकावी लागली. काका घरी गेले, वेळ लागला, पण गेले.

चार्टवर तीन वेळा २० कुणी लिहिलं, याची चौकशी झाली नाही. माझं म्हणणं मी तेव्हाही मांडलं होतं, आताही मांडते: मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना पुढच्या पाळीच्या सिस्टरला सांगतो की मोजायचं राहिलंय. खोटा २० तिला सांगतो की काळजी नको. चाळीस पेशंट म्हणजे चाळीस मिनिटं, मान्य, नाही होत. मग निवडा: ज्यांना ऑक्सिजन लागलाय, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, ज्यांचा ताप परत आलाय, म्हातारे, लहान मुलं, आणि ज्यांच्याकडे बघून तुम्हाला "आज हे काहीतरी वेगळे दिसतायत" असं वाटलं ते. हे आठ-दहा जण तरी खरे मोजा.

एक तळटीप. श्वास जलद म्हणजे नेहमी फुप्फुसच, असं नाही. डायबेटीसच्या पेशंटची साखर खूप वाढून रक्तात आम्ल झालं की तो खोल, भराभर श्वास घेतो आणि छाती मात्र एकदम स्वच्छ असते. छाती स्वच्छ आणि श्वास ३०, हे दिसलं तर "काही नाही" म्हणू नका, साखर बघा. आणि सीओपीडीच्या पेशंटचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ राखायचं असतं, ९८ करण्याच्या नादात ऑक्सिजन वाढवत बसू नका.

आता घरच्या लोकांसाठी. "आजीला धाप लागते, कधी पळायचं?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर सांगूनच टाकते. बसल्या जागी, काही न करता श्वास मिनिटाला २५ च्या पुढे असतील. एक वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल. आडवं झोपताच येत नसेल. ओठ-जीभ निळसर दिसत असेल. किंवा धाप आहे आणि माणूस गोंधळल्यासारखं बोलतोय, पेंगतोय. यातलं एकही असेल तर ऑक्सिमीटरवर काय आकडा आहे याची वाट बघायची नाही, १०८ लावायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत टेकून बसवायचं, आडवं पाडायचं नाही, पाणी पाजायचा आग्रह करायचा नाही. आणि डॉक्टरांना सांगायला श्वासाचा आकडा आणि वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवायची.

पुढच्या भागात पोट. तिथे हा क्रम बदलतो, बघून झालं की आधी ऐकायचं आणि मगच हात लावायचा. का, ते तेव्हा सांगते. तोपर्यंत झोपलेल्या भावाचे श्वास मोजून आकडा कळवा.